अकरा नंबरचा व्हॉल्व्ह

"यात जन्म कुठे आहे?" मार्तंडरावांनी फाईल टेबलावर आपटली नाही, पण आपटायची इच्छा चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती. "माणूस आत्मचरित्र लिहितो आणि जन्मच घेत नाही? आईवडील नाहीत, गाव नाही, शाळा नाही. पहिल्या पानावर थेट चावी!"

"त्यांना चावी आधी आठवली असेल," मी म्हणाले.

"सुगंधाबाई, चेष्टा नको. पन्नास वर्षं झाली आपल्या वाचनालयाला. पुस्तकावर आपलं नाव जाणार आहे."

भांडुपच्या आमच्या वाचनालयाने पन्नाशीनिमित्त ठरवलं होतं की इथेच राहणाऱ्या एखाद्या साध्या माणसाच्या आठवणी पुस्तकरूपाने छापायच्या. नऊ हस्तलिखितं आली. मार्तंडराव अध्यक्ष, त्यामुळे निर्णय त्यांचा. मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेलं, त्यामुळे वाचायचं काम माझं आणि निवडलेल्या पुस्तकाला प्रस्तावनाही माझीच. नऊपैकी आठ आत्मचरित्रांत लेखकाचा जन्म गरीब पण स्वाभिमानी कुटुंबात झाला होता, आणि आठही जण शेवटच्या पानावर कृतार्थ होते. सलग आठ कृतार्थ माणसं वाचली की डोकं दुखतं.

नववी वही धाकू गणू घाडीगावकरांची होती. हे पाणीखात्यातले निवृत्त चावीवाले. मुंबईत नळाला पाणी दिवसभर येत नाही, ठरलेल्या वेळी येतं. ते आपोआप येतं असं वाटणाऱ्यांनी एकदा चावीवाला बघावा. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, कमरेइतकी उंच लोखंडी चावी आत घालायची आणि मोजून फेरे फिरवायचे. मग एका आळीला पाणी सुटतं, दुसरीचं बंद होतं. धाकूभाऊंनी हे काम बत्तीस वर्षं केलं. त्यांच्या वाट्याला एकतीस व्हॉल्व्ह होते, आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य वर्षांच्या क्रमाने न लिहिता व्हॉल्व्हच्या क्रमाने लिहिलं होतं. प्रत्येक प्रकरणाला नुसता नंबर. एक नंबरपाशी घडलेलं सगळं एक नंबरमध्ये, मग ते नोकरीच्या पहिल्या दिवशी घडलेलं असो की शेवटच्या.

मी पहिली दहा पानं वाचली आणि चहा गार झाला. मी चहा गार होऊ देणाऱ्यांतली नाही.

त्या वहीत 'मी' हा शब्द नव्हता. 'चावी लावली.' 'झाकण उचललं.' 'भूक लागली होती.' कोणाला, ते लिहिलेलं नाही. मुलांच्या निबंधांत दर ओळीला 'मी' पाहून लाल पेन झिजवलेल्या बाईला हे किती भावलं असेल, याची कल्पना करा. आणि चोवीस नंबर! तो आख्खाच इथे देते:

'चोवीस नंबर. बेचाळीस फेरे. सव्विसाव्या फेऱ्याला फोन वाजला. उचलला नाही. बेचाळीस पुरे केले, मग उचलला. पुढचे सात व्हॉल्व्ह जोडीदार आकाशने केले.'

लगेच खाली: 'पंचवीस नंबर. तीस फेरे. तेरा दिवसांनी.'

बायको गेली हे या माणसाने एवढ्यात सांगितलं. रडलो, कोसळलो, आभाळ फाटलं, काही नाही. मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून रडले. दुसऱ्या दिवशी मार्तंडरावांना हेच पान वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण प्रस्तावनेत समजावून सांगा सगळं. लोकांना वाटेल पानं उलटसुलट लागली."

एवढ्याने मी हुरळले. प्रस्तावना लिहायला बसले तीच मुळी जोरात. काळाची मोडतोड, निवेदकाचं स्वतःला पुसून टाकणं, आकड्यांमधून दाटणारी भावना, माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे शब्द बाहेर काढले. सौरभ, आमचा ग्रंथपाल, त्याने वही टाइप करून दिली होती. त्याच्या प्रतीत तीस प्रकरणं होती. शेवटच्या प्रकरणात मात्र धाकूभाऊ लिहितात, 'एकतीस चाव्या झाल्या की ड्युटी संपली.' माझी मास्तरकी जागी झाली.

"सौरभ, हे तीस की एकतीस?"

"बाई, त्यांच्या वहीत नंबरांची वाट लागली होती ना! दहानंतर डायरेक्ट बारा. म्हटलं काकांचा घोळ झाला असेल, सरळ करून टाकले."

"अरे, विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात? एक ते तीस, झकास बसले."

बत्तीस वर्षं फेरे मोजणारा माणूस अकरा विसरेल? मी मूळ वही मागवली. दहा नंबरचं पान, त्याच्यामागे दोन पानं कोरी, मग बारा. कोरी पानं सोडलेली होती, चुकून राहिलेली नव्हती. मला भारी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. घरी येऊन प्रस्तावनेत ओळ घातली: 'लेखकाने जाणीवपूर्वक राखलेली ही रिकामी जागा म्हणजे या आत्मकथनाचा सर्वांत धीट प्रयोग होय.' मग वाटलं, एकदा लेखकाच्या तोंडून ऐकावं. म्हणजे माझी पाठ थोपटून घ्यावी, असंच.

धाकूभाऊ चाळीतल्या खोलीत एकटे राहतात. मुलगी रोशनी मुलुंडला दिलेली, दर रविवारी येऊन डबे भरून जाते. मी गेले तेव्हा ते दाराशी बसून लसूण सोलत होते.

"येवा बाई. वाचलात?"

"दोनदा वाचलं. धाकूभाऊ, अख्ख्या वहीत कुठेही 'मी' नाही. हे कसं सुचलं तुम्हाला?"

ते ओशाळल्यासारखे हसले. "सुचूक काय? चावी फिरवताना बोलूचा नसता. बोललास की आकडो चुकता. तीच सवय हाताक लागली. लिवताना पण तोंड बंदच ऱ्हवला."

मी हे मनातल्या मनात टिपून घेतलं. मग म्हणाले, "आणि अकरा नंबर कोरा सोडलात, ती युक्ती तर कमाल आहे."

लसणीवरचा हात थांबला. "युक्ती नाय ती," ते म्हणाले. "अकरा नंबर मी लिवक नाय."

मग त्यांनी सांगितलं. मध्ये पाणी प्यायला थांबले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. अकरा नंबर त्यांच्या स्वतःच्या आळीचा. बारा नंबर टेकडीवरच्या वस्तीचा. अकरा बंद झाल्याशिवाय वर पाणी चढत नाही, खालीच सगळा जोर निघून जातो. दोन हजार नऊचा मे महिना, रोशनीची हळद. कणकवलीहून पाहुणे आलेले, खोलीत आणि गॅलरीत मिळून पन्नास माणसं. बायको झाकणापाशी येऊन म्हणाली, आज दहा मिनिटं जास्त ठेवा. कधी काही मागितलं नव्हतं तिने. यांनी पंचवीस मिनिटं ठेवलं. मग अकरा बंद केला, बारा उघडला, पण तोवर पुढच्या भागाची वेळ झाली होती आणि मागचा जोर तुटला होता. त्या दिवशी टेकडीवर थेंब चढला नाही.

"एक दिवस पाणी नाही आलं, तर—" मी म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी चायवाल्याकडे कळला. वर एक माणूस सकाळी गेललो. बळवंत म्हणान. त्येका आंघोळ घालूक पाणी नव्हता." त्यांनी हातातली पाकळी ताटलीत ठेवली. "बाई, मढा तसाच ठेवललो. मे महिन्यात. शेजाऱ्यांनी आपापल्या हंड्यातला दिल्यानी, तेव्हा उचलला."



"माझा काय, मी लिवीन. माका कोणाची भीती? पण रोशनी वाचतली. तिका काय सांगू? तुझ्या हळदीचा पाणी एका मढ्याच्या आंघोळीचा होता म्हणान? मांडवात हसत होती ती. तिची आवस आता नाय. तिच्याकडे आवशीचो तो एकच दिवस असो हा, सगळो पिवळो." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "तुमी सांगा बाई. लिवू की नको? तुमका ह्यातला कळता."

मला यातलं कळतं! चौतीस वर्षं मी मुलांना काय लिहावं आणि काय लिहू नये ते सांगत आले.  ज्याला मी धीट प्रयोग म्हणून मिरवणार होते ती या माणसाच्या घशात पंधरा वर्षं अडकलेली गोष्ट होती. मला माझीच लाज वाटली. "मला नाही सांगता येत, धाकूभाऊ," एवढंच म्हणाले, वही त्यांच्यापाशी ठेवली आणि घरी येऊन ती ओळ खोडली.

चौथ्या दिवशी ते वाचनालयात आले. वही काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "लिवलंय. अर्धा सांगून भागाचा नाय. नायतर पुस्तकच नको." कोरी पानं भरलेली होती. अक्षर तेच, सरळ, एकाही ठिकाणी खोडलेलं नाही. मी उभ्याउभ्या वाचलं.

'अकरा नंबर. अडतीस फेरे. हा बंद केल्याशिवाय वर टेकडीला पाणी चढत नाही. मी त्या दिवशी तो वेळेवर बंद केला नाही. मी चावी हातात घेऊन बाजूला उभा राहिलो आणि मांडवातली वाजंत्री ऐकत राहिलो.'

मी. मी. मी. तीनशे पानांत जो कुठे सापडला नव्हता तो इथे येऊन उभा होता. भूक लागली, बायको गेली, निवृत्तीला हार घातला, तेव्हा या माणसाने स्वतःला पुढे केलं नाही. चूक केली तिथे मात्र स्वतःचं नाव लावलं. मी आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली आहेत. एखाद्या लेखकाबद्दल इतका आदर मला क्वचितच वाटला आहे, हे मी मार्तंडरावांसमोरही म्हणाले आणि इथेही लिहिते. त्यांनी ती दोन पानं वाचली आणि या वेळी जन्माबद्दल काही विचारलं नाही. "छापू," म्हणाले. "पण मुलीची संमती हवी."

रविवारी रोशनी आली. वडिलांचं पुस्तक बघायला म्हणून हौसेने आलेली, हातात पेढ्यांचा पुडा. मुलुंडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, बोलायला तुटक, डोळे वडिलांचे. धाकूभाऊंनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः उठून वर्तमानपत्रांच्या रॅकपाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

तिने वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. सौरभ उगीचच पुस्तकं लावत होता.

"बाबा," ती म्हणाली, "आई दहा मिनिटं म्हणाली होती. पंचवीस तुम्ही केलीत."

"होय," ते पाठमोरेच म्हणाले.

"म्हणजे दहा आईची, पंधरा तुमची. आईवर ढकलू नका."

"खय ढकललंय? लिवलंय ना, मी म्हणान."

"हं." तिने परत पानावर नजर टाकली. डोळे भरले होते, पण आवाज तसाच. "आणि पंधरा वर्षं हे एकट्याने घेऊन बसलात? मी काय काचेची आहे?"

धाकूभाऊ वळले.  तिने पुड्याची दोरी सोडली, एक पेढा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "खा आधी. शुगर लो झाली की हात कापतात तुमचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "छापा मॅडम. माझी काही हरकत नाही. पण वर त्या बळवंतांच्या घरच्या बाई असतील ना अजून? त्यांचा माणूस आहे हा. त्यांना न विचारता छापलं तर तीही चूकच. आधी त्यांना वाचून दाखवा."

हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

त्याच दुपारी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. पायऱ्या उभ्या, मध्ये मध्ये तुटलेल्या, दोन्ही बाजूंना निळी पिंपं. धाकूभाऊंचे गुडघे गेलेले, तीनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "बत्तीस वर्षां खालून पाणी चढवलंय. स्वतः कधी चढाक नाय." रोशनीने त्यांना हात दिला.

बळवंतांची बायको सगुणाबाई घराबाहेर बसून सुकट निवडत होत्या. सत्तरीच्या असाव्यात. विचारत विचारत आम्ही पोचलो तेव्हा त्यांना आधीच कळलं होतं की कोणीतरी आपल्याला शोधतंय.

"कोण पायजे?"

"मी चावीवालो," धाकूभाऊ उभे राहिले. "पाण्याचो. आता रिटायर."

"मग? आता कसली चावी?"

त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी सांगितलं, यांनी पुस्तक लिहिलंय, त्यात तुमच्या मालकांबद्दल दोन पानं आहेत, ती तुम्हाला ऐकवायची आहेत. नको म्हणालात तर छापणार नाही. त्यांनी सुपातली सुकट बाजूला सारली. "वाच."

मी वाचलं. हळद, वाजंत्री, पंचवीस मिनिटं. 'वर बळवंत नावाचे गृहस्थ त्या सकाळी वारले होते. त्यांना आंघोळ घालायला पाणी नव्हतं. पाच घरांनी आपल्या साठवलेल्या पाण्यातून दिलं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी वर गेलो नाही. त्यानंतर नऊ वर्षं अकरा नंबर एक मिनिटही उशिरा बंद केला नाही. पण मी वर गेलो नाही.'

मी थांबले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. सगुणाबाई धाकूभाऊंकडे नाही, रोशनीकडे बघत होत्या.

"हीच काय ती पोरगी?"

"हो," रोशनी म्हणाली.

"बरं चाललंय ना तुझं?"

रोशनीने नुसती मान हलवली. 

सगुणाबाई मग माझ्याकडे वळल्या. "चुकीचं लिवलंय," त्या म्हणाल्या.

 धाकूभाऊ भिंतीला टेकले.

"पाच घरं नाय. आठ. त्या दिवशी कुणाच्या घरात काय पाणी होतं मला ठाऊक आहे. मी दारात बसून बघितलंय कोण कोण आलं ते. पाच कुठनं आणलेस?"

"चायवाल्याकडे ऐकललंय," धाकूभाऊ म्हणाले.

"चहावाला होता काय इथे? लिव."

धाकूभाऊंनी खिशातलं पेन काढलं. वही भिंतीवर ठेवून, उभ्याने, 'पाच' खोडून 'आठ' केलं. त्यांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. "नावां सांगा," ते म्हणाले. "मी नावां लिवतंय."

त्या सांगू लागल्या. किरण रिक्षावाल्याच्या बायकोने कळशी दिली आणि पोरांना आंघोळीऐवजी नुसती पावडर लावली. सम्यकच्या आजोबांकडे एकच पिंप होतं, त्यांनी अर्धं काढून दिलं. प्रितमने दुकानातल्या पाण्याच्या बाटल्यांचा खोका फोडला. श्रुतिकाच्या सासूशी तेव्हा भांडण होतं, दोन वर्षं बोलणं नव्हतं, तीही बादली ठेवून न बोलता निघून गेली. धाकूभाऊ लिहीत होते. नाव नीट ऐकू आलं नाही की परत विचारत होते. मी चौतीस वर्षं वह्या तपासल्या, पण मजकूर दुरुस्त होताना इतकी गप्प उभी मी कधी राहिले नव्हते. माफ केलं असं त्या बाई म्हणाल्या नाहीत. धाकूभाऊंनी मागितलंही नाही.

आठवं नाव चंद्रप्रकाशच्या आईचं होतं.

"आता वाच," सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. त्या डाव्या हाताच्या बोटांवर मोजत होत्या. आठवं झाल्यावर मान हलवली.

"चंद्रप्रकाशच्या आईला वर घे. पहिला हंडा तिचा. गेली ती मागच्या साली, पण पहिला हंडा तिचाच."

धाकूभाऊंनी शेवटचं नाव खोडलं आणि सगळ्यांच्या वर, समासाला चिकटून, बारीक अक्षरात लिहिलं. मग पुन्हा सगळी यादी वाचून दाखवली.

"आता बरोबर आहे," सगुणाबाई म्हणाल्या आणि सूप परत मांडीवर ओढून घेतलं.

रोशनी म्हणाली, निघूया. पण धाकूभाऊंनी वही मिटली नाही. शाई ओली होती, ती वाळेपर्यंत ते दोन्ही हातांत उघडी वही धरून तिथेच उन्हात उभे राहिले.